आपोआप पडणारा डिपर सत्तर वर्षांचा आहे

‘गाडीचे लाइट आपोआप डिप होणं हा एआयचा ताजा शोध आहे, कॅमेऱ्याशिवाय ते शक्यच नव्हतं. आता ड्रायव्हरने डिपर विसरून जावा.’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. यातला शेवटचा सल्ला तर धोक्याचा आहे.

आधी ‘ताजा शोध’ घेऊ. जनरल मोटर्सने १९५२ मध्येच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘ऑट्रॉनिक आय’ हे आपोआप डिपर देणारं यंत्र द्यायला सुरुवात केली होती.

कॅमेऱ्याशिवाय ते चालायचं कसं? डॅशबोर्डवर, काचेमागे, एक नळकांडं बसवलेलं असे. समोरच्या गाडीचा उजेड भिंगातून आतल्या फोटोट्यूबवर पडला, की बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होई. तो वाढवून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढला जाई आणि अप्परचा (लांबवर जाणाऱ्या झोताचा) लोअर (खाली झुकलेला झोत) होई. खरी मेख पुढे आहे. आपण डिपर दिला की समोरचाही देतो, म्हणजे त्याचा उजेड एकदम कमी होतो. साधं यंत्र लगेच फसून पुन्हा अप्पर मारेल. म्हणून डिप झाल्यावर यंत्राची संवेदनशीलता वाढवलेली असे. मंद उजेडही त्याला लोअरवरच धरून ठेवायचा. चिप नसलेल्या काळातली ही अक्कल मला आजही थक्क करते.

पण त्याला फक्त उजेड कळायचा, गाडी कळत नव्हती. रस्त्यावरच्या दिव्यानेही ते फसायचं. कॅमेऱ्याने सुधारणा केली ती इथे: पांढरे हेडलाइट, लाल टेललाइट आणि खांबावरचा दिवा तो बऱ्यापैकी वेगळे ओळखतो. ही सुधारणा मोठी आहे, पण तिला जन्म म्हणता येणार नाही.

आता ‘डिपर विसरा’. कॅमेरा मुख्यतः दिवे शोधतो. पायी चालणाऱ्याला, सायकलस्वाराला, दिवा नसलेल्या बैलगाडीला तो हमखास ओळखेलच असं नाही, त्यामुळे अप्पर थेट त्यांच्या डोळ्यांवर राहू शकतो. घाटातल्या वळणावर समोरचे दिवे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काच मळलेली असली किंवा धो धो पाऊस असला, की अंदाज आणखी चुकतो.

दुभाजकाच्या रस्त्यावर तर ट्रकवाल्याचे हाल होतात. त्याच्या गाडीचे दिवे झुडपांआड असतात, म्हणून आपल्या कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत. तो मात्र वर केबिनमध्ये बसलेला असतो आणि आपला अप्पर झुडपांवरून थेट त्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी डिपर आपल्यालाच हाताने द्यावा लागतो.