मेणावरची भुरी

हिवाळ्यात आमच्या घरात दोन पारे बघितले जातात. एक निफाडचा, तो पेपरात येतो. दुसरा पातेल्यातल्या मेणाचा, तो बायको बघते आणि मोठ्याने जाहीर करते. "पासष्ट... बासष्ट... अहो, फॅन कुणी लावला?"

सोया वॅक्सच्या मेणबत्त्या करायचं खूळ तिच्या डोक्यात दिवाळीच्या आधी शिरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेणाच्या फ्लेक्सची पिशवी मावशींनी धुण्याची पावडर समजून मशीनपाशी नेऊन ठेवली होती, तो प्रसंगही वेळीच निभावला. अडचण वेगळीच आहे. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्टवर ओरखडा, डाग, फोड दिसला की तो बाजूला काढायचा, यावर माझं घर चालतं. अशा माणसाच्या घरात सोया वॅक्स आणू नये.

पहिली बॅच दृष्ट लागावी अशी झाली. गडद वाइन रंग, काचेचे ग्लास, वरचा पृष्ठभाग असा की मी बोट फिरवून मनातल्या मनात 'ओके'चा शिक्का मारला. दोन-चार दिवसांनी बघतो तर कडेने पांढरट झाक. मग ती पसरली. वर बर्फाची नक्षी, बाजूला ठिपके, मध्ये चट्टे.

नेमके त्याच दिवशी दिंडोरीचे साडू आले. त्यांची द्राक्षबाग आहे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, बाजूने बघितलं, खालून बघितलं आणि निदान केलं.

"भुरी आहे." म्हणजे द्राक्षवेलीवर येते ती पांढरी बुरशी.

"भाऊजी, मेणबत्ती आहे ती."

"असू द्या. परवा ढगाळ होतं ना? एक हात गंधकाची फवारणी घ्या."

आमच्या आईचं मत निराळं. ती म्हणाली, रंगच स्वस्तातला आणला असेल. मुलगी म्हणाली, "असू दे ना बाबा, व्हिंटेज दिसतंय." माझ्या खात्यात 'व्हिंटेज' नावाचा शेरा नाही, तिथे 'रिजेक्ट' असतो. म्हणून मी रूट कॉज शोधायला बसलो.

मूळ कारण मेणाच्या जातीतच निघालं. सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट केलेलं असतं, डालडा करतात त्याच वाटेने. अशी चरबी गोठताना एकाच तऱ्हेचे स्फटिक करत नाही. गडबडीत गोठली की आधी कच्चे स्फटिक होतात, आणि मग ते सावकाश, आपल्या सवडीने, जास्त पक्क्या रचनेत जाऊन बसतात. त्यावर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. याला फ्रॉस्टिंग म्हणतात. जुन्या चॉकलेटवर पांढरी साय धरते तिथेही चरबीचा हाच उद्योग चालू असतो. वासाला, जळण्याला काहीही अपाय नाही. उलट पॅराफिनवर, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीच्या मेणावर, अशी नक्षी सहसा उठत नाही, म्हणजे मेण खरोखर सोयाचं असल्याची ही खूणच. माझ्या नोकरीत डिफेक्टलाच अस्सलपणाचा पुरावा म्हणणारा सप्लायर मी गेटवरून परत पाठवला असता.

हे सोया वॅक्स 1990च्या दशकात अमेरिकेत पुढे आलं. तिकडे थंडीत घराला हीटर असतो, खोलीचा पारा फारसा हलत नाही. आमच्याकडे जानेवारीत दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे नऊ. मेणाने कुठल्या रचनेत बसायचं ते ठरवेपर्यंत हवामान बदललेलं असतं.

उपायांचं म्हणाल तर जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं गरम ओता, कुणी म्हणतं पातेल्यातलं मेण गढूळ दिसायला लागेपर्यंत थांबा. ग्लास आधी कोमट करा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आणि सावकाश थंड होऊ द्या. त्यामुळे आमच्याकडे ग्लास आधी ओव्हनमध्ये शेकून निघतात, मग थर्माकोलच्या खोक्यात जातात, खोक्यावर गोधडी पडते. मुलीचं अभ्यासाचं टेबल गेलं, कारण त्या खोलीत वारा येत नाही. आई एकदा गोधडी नीट करत म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना कुणी इतकं जपलं नाही."

त्यात काचेला चिकटलेल्या मेणाची आणखी एक तऱ्हा. मेण आकसलं की काचेपासून जागोजाग सुटतं आणि तिथे ओलसर डाग पडल्यासारखं दिसतं. पहाटे मी तपासायला उठलो तर अर्धे ग्लास डागाळलेले. रीतसर वेगळी रांग लावली. दुपारी बायकोने फोटो पाठवला, बरेचसे डाग गायब! ऊन वाढलं, मेण फुगलं, पुन्हा काचेला टेकलं.

"इन्स्पेक्शन दुपारी दोनला ठेवत जा," तिने खाली लिहिलं होतं.

मग रिवर्क. हेअर ड्रायरने वरचा थर हलकेच वितळवायचा. हे बघायला फार सुख वाटतं: पांढरी नक्षी कडेपासून विरघळत जाते, वाइन रंग वर येतो, मेणाचं तळं वातीभोवती थरथरतं. गोठलं की आरसा. आठवडा जातो आणि आरशावर परत पांढरं. त्या ड्रायरवरून मुलीशी झालेली भांडणं वेगळीच.

गंगापूर रोडला एका सोसायटीत प्रदर्शन होतं, तिथे स्टॉल लावला. एक बाई आल्या. "केमिकल नाही ना? एकदम नॅचरल हवंय मला." बायकोने सगळं समजावलं. बाईंनी मान डोलावली, ग्लास फिरवला आणि म्हणाल्या, "पण हे पांढरं काय?" मग शेजारच्या स्टॉलवरची चकचकीत घेऊन गेल्या. लोकांना निसर्ग हवा असतो, पण पॉलिश करून. साडू हे ऐकून खवळले. द्राक्षावर जो पांढरट थर असतो तोही मेणच, वेलीने स्वतः धरलेलं. "तो पुसला गेला की एक्स्पोर्टवाला नाक मुरडतो, आणि तुमच्या मेणावर आलेलं मेण चालत नाही?" भुरीचं निदान त्यांनी तेव्हाच मागे घेतलं. गंधकाचं मात्र अजून त्यांच्या मनात आहे, असा मला संशय आहे.

शेवटी बायकोने रंगच बंद केला. फ्रॉस्टिंग गडद रंगावर डोळ्यांत भरतं, पांढऱ्या मेणावर पांढरं आलं तर कुणाला दिसणार? फार शहाणा निर्णय. माझ्या हातातलं काम गेलं, पण घर शांत झालं. गोधडी आईकडे परत गेली.

परवा नणंदेचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोटो आला. तिने मेणबत्ती संध्याकाळभर लावून विझवली होती. वितळलेलं मेण परत गोठताना वर नुसती ढेकळं उठली होती. सोयाचं असंही होतं. खाली लिहिलं होतं, "वहिनी, हिला काय झालं गं?"

बायकोने फोन माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमच्या डिपार्टमेंटला कम्प्लेंट आहे."