14 कोटी लिटर उत्पादन, 64 कोटी लिटर खप? हा हिशेब आधी तपासा

‘देशात रोज 14 कोटी लिटर दूध निघतं आणि खपतं 64 कोटी लिटर, म्हणजे 50 कोटी लिटर बनावट. 2025 पर्यंत 87 टक्के भारतीयांना कॅन्सर होणार, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा. कायद्यात शिक्षाच नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो माझ्या वहिनीपर्यंत पोचला आणि तिने चार वर्षांच्या पोराचं दूधच बंद केलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते 14 कोटी. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये देशात सुमारे 23 कोटी टन दूध झालं. 365 ने भागा, दिवसाला 63 कोटी किलो येतात. म्हणजे मेसेज ज्याला ‘खप’ म्हणतो, जवळपास तेवढं दूध आपल्याकडे निघतंच! मग 14 कोटी कुठले? 1990-91 मध्ये वर्षाचं उत्पादन 5.4 कोटी टनांच्या आसपास होतं. त्याला भागून बघा, दिवसाचे 14-15 कोटीच येतात. आजच्या खपातून तीस वर्षांपूर्वीचं उत्पादन वजा करायचं आणि उरेल ते बनावट म्हणायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

कॅन्सरचा इशारा? असा कोणताही इशारा दिलेला नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या भारतातल्या कार्यालयानेच स्पष्ट केलंय. विषय संपला.

मेसेजमागे थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. 2011 च्या सरकारी पाहणीत 68.4 टक्के नमुने निकषांत बसले नव्हते, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा आणि दूध पावडरीचा. 2018 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, 6,432 नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त 12. युरिया त्यातल्या दोनांत. पण त्याच पाहणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर होतं. ते कुणी मिसळत नाही, बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि पशुखाद्यातून दुधात उतरतं. शिवाय 41 टक्के नमुने फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) अशा दर्जाच्या निकषांत कमी पडले. ही फसवणूक रोज होते. तिच्याबद्दल या मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

शिक्षा नाही, हे तर साफ खोटं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 वाचा. कमी दर्जाच्या मालाला 5 लाखांपर्यंत दंड, चुकीच्या लेबलला 3 लाखांपर्यंत, असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. दुधाच्या फॅटऐवजी पाम तेल घालून केलेलं, पनीरसारखं दिसणारं ‘अॅनालॉग पनीर’ विकायला बंदी नाही, ते ‘पनीर’ म्हणून विकणं हा गुन्हा आहे. अंमलबजावणी ढिली आहे, धाडींना जोर सणासुदीलाच येतो, हे मला मान्य. पण तक्रारच आली नाही तर अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक नेमक्या कुठल्या डेअरीत जाणार?

वहिनीला मी याच कायद्याचं कलम 40 दाखवलं. शुल्क भरून कुठलाही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमांत बसला नाही तर शुल्क परत मिळतं. पिशवीवरचा बॅच नंबर आणि बिल तेवढं जपून ठेवा.