वळणावर कटकट आली म्हणजे क्राऊन गेला असं नाही

एप्रिलपासून आमच्या राजापूर-देवगड पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुन्या पिकअपला मागून आवाज येत असेल तर काय करायचं, हे त्यात सहा मुद्द्यांत ठासून सांगितलंय. वळताना मागून कटकट आली की क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली मुख्य दात्यांची जोडी, गेला, सेट बदला. तोवर १४० नंबरचं जाड ऑइल आणि मूठभर लाकडाचा भुसा घाला. मागून येणारा कुठलाही आवाज डिफरन्शियलचाच, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दात्यांच्या पेटीचाच. डिफरन्शियल म्हणजे बंद पेटी, तिचं ऑइल बदलावं लागत नाही. एलएसडी, म्हणजे एका चाकाचं नुसतं फिरणं आवरणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, कोकणात बिनकामाची, वेल्ड मारून टाका. आणि आवाज नेमका कुठला ते शोधायचं असेल तर मागचं एक चाक जॅकवर घ्या, गाडी गिअरमध्ये टाका आणि कान लावा.

मी वीस वर्षं गॅरेज चालवतोय. या हंगामात दोघे जण नवा क्राऊन-पिनियन सेट विकत घेऊनच माझ्याकडे आले. दोघांच्याही जुन्या क्राऊनच्या दातांना काहीही झालेलं नव्हतं. आंब्याच्या पेट्या वाहून मिळवलेले पैसे असे गेलेले बघवत नाहीत, म्हणून लिहितोय.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण त्यात माणूस मरू शकतो. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलच्या गाडीचं एक चाक उचलून गिअर टाकला तर ते चाक हवेत नुसतं फिरतं. एलएसडीचं कामच असं की एक चाक मोकळं फिरायला लागलं की जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला जोर द्यायचा. म्हणजे जॅकवरची गाडी सरळ पुढे उडी मारणार आणि कान लावून बसलेला माणूस तिच्याखाली असणार. हे कधीही करू नका. आपल्या गाडीत एलएसडी आहे का एवढंच बघायचं असेल तर इंजिन बंद ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सल स्टँडवर टेकवा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी आहे आणि तिच्या आतल्या प्लेटा पकडतायत. उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल ओपन आहे, नाहीतर प्लेटा झिजून संपल्यात, किंवा ते प्लेटा नसलेल्या प्रकारचं आहे.

आता कटकटीकडे येतो. मे महिन्यात एक डबल कॅब आली, पंधरा वर्षांची. मालक उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, मागसून कटकट येता. क्राऊन गेलो म्हणतत." मी त्याला बाजूला बसवलं आणि गाडी देवळासमोरच्या पटांगणात नेली. स्टिअरिंग पूर्ण कापून, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता गोल फिरवली. कट्-कट्-कट् आवाज, आणि सीटखाली प्रत्येक झटका जाणवत होता. मग सडकेवर काढली, सरळ रेषेत साठपर्यंत नेली, पाय सोडला, परत दिला. अगदी शांत. तिथेच मला कळलं की क्राऊनचा यात संबंध नाही.

बऱ्याच एलएसडींच्या आत क्लचसारख्या प्लेटांच्या थप्प्या असतात. एक प्लेट एक्सलच्या दातांत, पुढची डिफरन्शियलच्या पिंजऱ्यात, अशा एकाआड एक, आणि स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, त्यामुळे या प्लेटांना एकमेकींवरून घसरावंच लागतं. नीट घसरल्या तर आवाज नाही. ओल्या काचेवर बोट दाबून ओढलं तर ते अडत, सुटत, परत अडत जातं, तशा प्लेटा अडत-सुटत घसरल्या की कटकट होते. त्या सुरळीत घसरण्यासाठी एलएसडीच्या ऑइलमध्ये एक वेगळं मिश्रण लागतं, त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. आदल्या वर्षी कुणीतरी सर्व्हिसिंगला या गाडीत साधं नव्वदचं ऑइल भरलं होतं. त्यात हे मिश्रण नव्हतं, बस एवढंच.

ऑइल काढताना आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघायचं, मग खालचा काढायचा. वरचा गंजून बसलेला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी, गंधासारखा मऊ लेप होता. मी तो दोन बोटांत चोळून मालकाला दाखवला. कणीसुद्धा लागली नाही. असा लेप झिजेचा असतो आणि तो असणारच. चुंबकावर नखाएवढे पत्र्याचे तुकडे किंवा काटेरी कण निघाले तर मात्र काळजी करायची. ऑइल काळं होतं, पण प्लेटांच्या घर्षणाच्या पदार्थाने ते होतंच. त्यावरून घाबरायचं कारण नाही.

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं लिमिटेड स्लिपचं ऑइल भरलं, बोट घालून भोकाच्या काठापर्यंत लेव्हल पाहिली आणि परत पटांगणात गेलो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सावकाश फेरे, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. नवं ऑइल प्लेटांच्या मधे शिरायला हे फेरे लागतात. सातव्या-आठव्या फेऱ्याला कटकट मऊ पडली. आठवड्याने मालकाचा फोन आला की आवाज पूर्ण गेला. ऑइल बदलूनही आणि फेरे मारूनही कटकट राहिली असती, तर प्लेटा उघडून बघाव्या लागल्या असत्या. क्राऊन बदलायचा प्रश्न तेव्हाही आला नसता.

क्राऊन-पिनियनचा आवाज वेगळा असतो. तो हूंऽऽ असा घुमतो, सरळ रस्त्यावर, ठरावीक वेगाला, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की त्याचा सूर बदलतो. वळणाशी त्याला देणंघेणं नसतं. शिवाय नवा सेट बसवणं हे पाना घेऊन बोल्ट आवळण्याचं काम नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच येतात, दातांमधली फट डायल गेजने, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या काट्याच्या मापकाने, मोजावी लागते, आपल्या पिकअपच्या आकारात ती साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, मग रंग लावून दात कुठे टेकतायत ते बघायचं. हे न करता घाईत बसवलेला नवा सेट चांगल्या गाडीला घुमायला लावतो. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता.

जाड ऑइल आणि भुशाबद्दल थोडक्यात सांगतो. १४० नंबर ज्या गाडीच्या पुस्तकात दिलाय तिला तो घाला. पण कटकट जाडीमुळे होत नाही, त्यामुळे जाडीने ती जाणार नाही. भुसा ऑइल पितो, बेरिंगांत आणि प्लेटांत जाऊन बसतो, आणि आवाज दबतो तो फक्त गाडी विकेपर्यंत. मॉडिफायर मात्र जास्त झाला तर प्लेटा पकडतच नाहीत, म्हणून डब्यावर लिहिलंय तेवढाच घाला. आणि सगळ्याच एलएसडींना तो लागत नाही. टॉर्सनसारख्या दात्यांवर चालणाऱ्या प्रकारात प्लेटाच नसतात. काही गाड्यांत चाक घसरलं की आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल असतं. ते लॉक होताना टक् असा आवाज येतो आणि तो त्याचा नेहमीचा आवाज आहे.

मागून येणारा कुठलाही आवाज डिफरन्शियलचा, हे तर साफ चूक. क्लच सोडताना एकच ठोका बसला तर आधी प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस म्हणजे सांधा हलवून बघा. एकसारखी गुरगुर असेल आणि सडकेवर गाडी हलकेच डावी-उजवी केल्यावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेरिंग बघा. रस्ता डांबरी असताना आवाज, काँक्रीटवर वेगळा, तर टायर बघा. टायरांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आमच्याकडे मागे एक बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, अशा कितीतरी पिकअप दिसतात. दोन टायरांचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरतात. मग एलएसडीच्या प्लेटा दिवसभर घसरत राहतात, तापतात आणि झिजतात. एका टायरचे पैसे वाचवून माणूस प्लेटांचा खर्च ओढवून घेतो. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले आणि सारख्याच हवेचे ठेवा.

बंद पेटीचा मुद्दा देशावर कुणी मांडला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण डिफरन्शियल बंद पेटी नाही. तिच्या डोक्यावर हवा जायला ब्रीदर असतो. घाट चढून तापलेलं हाउसिंग, म्हणजे तिचं बाहेरचं कवच, थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, तो चिखलाने बंद असेल तर सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. हर्णैला मासळी भरायला पुळणीवर मागे घेतलेली गाडी खाऱ्या पाण्यात जाते. राजापुरात अर्जुना आणि कोदवली चढल्या की जवाहर चौकात पाणी येतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. पाणी शिरलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते दिसलं की त्याच दिवशी काढून टाका, आणि नवं भरून थोडी गाडी चालवून परत एकदा बदला. खारं पाणी राहिलं तर बेरिंगांवर आणि प्लेटांवर गंजाचे डाग खड्डे पाडतात आणि मग खरोखरच सगळं उघडावं लागतं. पावसाळा संपला की वरचा बोल्ट काढून बोट घालून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला वेल्ड. वेल्ड मारलं की मागची दोन्ही चाकं कायमची एकाच वेगाने फिरतात. करूळ किंवा भुईबावडा घाटातल्या वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जायचं असतं आणि त्याला ते जाता येत नाही. टायर फरफटतात, एक्सलला पीळ बसतो, आणि जुलैच्या पावसात भरलेली गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. खाली दरी असते. बागेतल्या लाल चिखलाच्या चढणीवर, पुळणीवर, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढून घेतं ते एलएसडीमुळेच, तिला बिनकामाची म्हणणाऱ्याने अशा चढणीवर भरलेली गाडी काढलेली नसावी. प्लेटा खरोखर संपल्या असतील आणि तुमच्या जुन्या मॉडेलच्या मिळतच नसतील, तर ओपन डिफरन्शियल बसवून घ्या. मी स्वतः तसं करून दिलेलं आहे. चिखलात थोडं जपून चालवावं लागेल, पण घाटात गाडी वळेल.