मुलांसोबत काम करणारी माणसं कंत्राटावर का?

गोव्यात मुलांसाठी कायदे कमी नाहीत. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली, अनाथाश्रमाच्या नावाखाली चाललेलं मुलांचं लैंगिक शोषण उघड झालं आणि 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याची धग इतकी होती की 2003 मध्ये गोव्याने स्वतःचा बालक कायदा केला. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा देशाचा पॉक्सो कायदा यायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. मुलांसाठी वेगळं न्यायालय, घरचं माणूस सोबत नसेल तर मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश नाही, हे आपल्याकडे तेव्हाच आलं. याचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच हे लिहितेय.

कारण कायदा राबवतात ती माणसं. शाळेतली समुपदेशक, बालगृहातली केसवर्कर, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली सोशल वर्कर. यांतल्या कितीतरी जणी करारावर आहेत. करार संपत आला की जीव टांगणीला. नूतनीकरण होईल का, पगार वेळेवर येईल का, या विवंचनेत त्या दुसऱ्याच्या घरातली विवंचना ऐकायला बसतात. दुसरीकडे कायम नोकरी मिळाली की जातात. त्यांना दोष कसा देणार? घर त्यांनाही चालवायचं असतं.

मूल बोलतं कसं, हे फोंडा तालुक्यात काम करताना मी जवळून पाहिलंय. कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी, भाड्याच्या एका खोलीत राहणारी उत्तर कर्नाटकातली कुटुंबं. घरात कन्नड, वाड्यावर कोंकणी, शाळेत मराठी. अशा एका घरातली प्राथमिक शाळेतली मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) कितीतरी आठवडे माझ्यासमोर बसून फक्त पेन्सिलीला टोक काढायची. टोक मोडायची, पुन्हा काढायची. समोरच्या कागदावर एक रेघ नाही. मी विचारणं सोडून दिलं, नुसती बसून राहायचे. एक दिवस तिने शार्पनर बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘बाई, आई कामाला गेली की मला त्या काकांच्या खोलीत ठेवू नको म्हणून तिला सांगाल?’

त्यानंतरचं सगळं कायद्याप्रमाणे. पॉक्सोच्या कलम 19 खाली अशी गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि ते असायलाच हवं. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, गणवेश न घालता घ्यायचा असतो. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती (मुलांच्या काळजीचे, संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) कुटुंबाच्या सोबतीला एक सहायक व्यक्ती देते. तपासापासून खटल्यापर्यंत ती बरोबर असावी, पुढे काय होणार ते मुलाला त्याच्या भाषेत समजवावं, ही कल्पना फार चांगली आहे. पण मुलाची साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात, असं कायदा म्हणत असला तरी प्रकरणं लांबतात. खटला लांबतो, करार लांबत नाही. या मुलीची सोबतीची बाई मधेच बदलली. नवीन आलेल्या बाईंनी फाइल मन लावून वाचली होती, बाई चांगल्या होत्या, पण मुलगी त्यांच्याशी बोलेना. तिच्या आईचा मला फोन आला, ‘परत सगळं पहिल्यापासून सांगायचं का हो बाई?’

या प्रश्नाचं उत्तर सरकारने द्यायला हवं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेता येते, मुलाचा विश्वास तसा नेता येत नाही.

कुटुंबांची भीतीही लक्षात घ्या. ‘समितीकडे गेलं तर मुलाला नेतील’, ही धास्ती गरिबाच्या घरात खोल आहे. खरं तर 2015 चा बालन्याय कायदा सांगतो की मूल शक्यतो आपल्या घरीच वाढावं, बालगृहासारखी संस्था हा शेवटचा उपाय. पण हे त्या आईला कोण सांगणार? रोज नवीन चेहरा दारात आला तर ती दारच लावून घेते.

किशोरवयीन मुलींचं आणखी कठीण. 2012 मध्ये पॉक्सोमुळे शारीरिक संबंधांसाठीचं संमतीचं वय 16 वरून 18 झालं, म्हणजे त्याआधीचे संमतीचे संबंधही गुन्हाच. सतरा वर्षांच्या मुलीचं आपल्याच वयाच्या मुलावर प्रेम बसतं, दिवस राहतात, आणि पोलिसांच्या भीतीने घरचे तिला हॉस्पिटलात नेतच नाहीत. कुठे नेतात, काय गोळ्या देतात, विचारू नका. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरांनी पोलिसांना कळवणं गरजेचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. ही एक गोष्ट वेळेवर कळली तर मुलीचा जीव वाचू शकतो. पण आई हे विचारणार कोणाला? जिच्यावर तिचा आधीपासून भरवसा आहे, अशा बाईलाच. ती बाई गावात, शाळेत टिकलेली हवी.

कायम केलं की माणसं ढिली पडतात, असं मला ऐकवलं जातं. मग कामावर नीट देखरेख ठेवा. अनुभवी माणसाकडे दर महिन्याला प्रत्येक केसची चर्चा होऊ द्या. एका बाईकडे किती शाळा, किती केसेस, याला मर्यादा घाला. हे काम करणाऱ्या मुली ऐकलेलं सगळं रात्री घरी घेऊन जातात, त्यांचंही ऐकणारं कोणी द्या. डोक्यावर टांगती तलवार ठेवून काम चांगलं होतं, हे मला कोणत्याही शाळेत, कोणत्याही बालगृहात दिसलेलं नाही.

आणि पद लगेच कायम करता येत नसेल, तर निदान एवढं करा. जिची केस कोर्टात उभी आहे, त्या मुलीसोबतच्या व्यक्तीचा करार निकाल लागेपर्यंत आपोआप वाढवा. त्यासाठी नवा कायदा नको, एक सरकारी आदेश पुरे.

पालकांनो, पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत गणवेश आणि स्नेहसंमेलनाबरोबर तीन गोष्टी विचारा. आपल्या शाळेची समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येते? तिच्याकडे आणखी किती शाळा आहेत? तिचा करार कधी संपतो? उत्तर लेखी मागा, आणि ते घेऊन आपल्या आमदाराकडे जा.