भोकं नसलेली पट्टी

आबांनी माझ्या हातची, विकलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी उलटसुलट केली, उजेडात धरली आणि परत माझ्याकडं सरकवली. "मुनीमजी, ही कच्ची झाली. पक्की द्या."

पक्की म्हणजे कॉम्प्युटरची. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर पट्ट्या लिहिण्यात माझी अर्धी हयात गेली. बारा क्विंटल चाळीस किलो सोयाबीन, भाव ४,३००, झाले ५३,३२०, त्यातून हमाली-तोलाई वजा. एवढ्याला मला कॅल्क्युलेटरही लागत नाही. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ होता हे आबांनाही ठाऊक, मलाही. त्यावर दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. भांडण कशावरून, तर कागदावरून.

ऐन आवकेत जुना कॉम्प्युटर बसला होता. सेठनी नवा आणला, विंडोज ११चा. दुरुस्तीवाल्या पोरानं जुन्या हार्डडिस्कवरचं आमच्या पट्टीच्या प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकलं. प्रोग्राम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या काळातला, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला. त्याला इन्स्टॉल करायचे नखरे नव्हते, फोल्डर उचललं की बिऱ्हाड हललं. आता मात्र क्लिक केलं की एकच पाटी: हे ॲप या पीसीवर चालणार नाही, बनवणाऱ्याकडं चौकशी करा.

बनवणाऱ्याकडं! ज्यानं बनवला तो आता मंगल कार्यालय चालवतो. तरी फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आत त्यानं विचारलं, "काका, मुलाचं का मुलीचं?"

पोरगं मला समजावायला लागलं. "काका, तुमचा प्रोग्राम हाय सोळा बिटचा. ही विंडोज चौसष्टची. हिच्यात सोळाचं चालवायची सोयच ठेवलेली न्हाई. दहाची बत्तीस बिटवाली असती तर चाललं असतं. अकरा निस्ती चौसष्टचीच येती."

आबा बाकावरून उठून जवळ आले. "चौसष्ट काय म्हनला?"

"बिट."

"आन आपलं?"

"सोळा."

आबांनी बोटाची पेरं मोजली. "मंग चौसष्टात सोळा चार बार जातंय की! मावत कामून न्हाई?"

पोरगं गप्प. मीही गप्प. खरं सांगायचं तर एवढा रास्त प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

"कंपॅटिबिलिटी मोड लावला तर?" मी विचारलं. भाचा पुण्यात कंपनीत आहे, त्याच्या तोंडून ऐकलेलं.

"त्यानं निस्तं जुन्या विंडोजचं सोंग घेता येतं. सोळा बिटचं काम होत न्हाई."

शेवटी त्यानं डॉसबॉक्स टाकलं, नव्या कॉम्प्युटरात जुना डॉस उभा करणारं सॉफ्टवेअर. हे मुळात जुने गेम खेळण्यासाठी काढलेलं. म्हणजे मोंढ्याचा हिशोब आता पोरांच्या खेळातून चालायचा. पण काळा पडदा आला, वर आडतीचं नाव आलं, आणि मी एकेक आकडा भरत गेलो. ५३,३२०! "बघा आबा, माझाच आकडा." प्रिंट द्यायला गेलो तर प्रिंटर ढिम्म. डॉसबॉक्सला छापायचं काम येत नाही, आणि नव्या डब्याला मागं जुन्या प्रिंटरची वायर लावायची ती पंचवीस पिनांची खोबणच नाही.

"आकड्याचं म्हननंच न्हाई मपलं," आबा म्हणाले. "भोकं कुठंयत?"

"कसली भोकं?"

"कागदाच्या दोन्ही कडंला असत्यात ती. मपली बायकू आकडा वाचत न्हाई. भोकं बगती. भोकं नसली की म्हनती, मधी कुटंतरी पैसे खर्चून आला आन मुनीमाकडून लिहून आनलं."

मी मुकाट्यानं प्रिंटरखालच्या गठ्ठ्यातला एक कागद फाडला, तीच पट्टी, तसेच आकडे, त्याच पेनानं पुन्हा लिहिली. आबांनी दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. "आता कसं! उगं दुपार घालवली मपली."

हेच आबा, आडतीवर पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणाले होते, "त्या डब्ब्याचं सांगू नका, मुनीमजीच्या हातचं द्या." तेव्हा मला उगाच अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आता सेठ नवं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतात. दर वर्षी पैसे भरायचे, नेट नसलं की बंद. जुन्यानं एक रुपया इकडचा तिकडं केला नाही, कधी पैसा मागितला नाही, आणि त्यालाच म्हणे 'सपोर्ट नाही'. सपोर्ट मागितला होता कुणी? पुढच्या हंगामात हर्रासीच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी नेट गेलं, की शेतकरी सेठच्या गादीसमोर नाही, माझ्या टेबलासमोर उभे राहणार.

निघताना पोराकडं बिल मागितलं. त्यानं माझ्याच वहीचं पान टर्रकन फाडलं आणि माझ्याच पेनानं 'नवीन सेटिंग, रु. ८००' एवढं खरडलं. कागदाला भोकं नव्हती. सेठनी न वाचता पैसे दिले.