तळणीचं तेल कॉर्नफ्लोअरनं नवं होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायलाय, की तळून काळं पडलेल्या तेलात कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून टाका, गाळा, तेल नव्यासारखं होतं, दहा वेळा वापरा, अन् म्हणे लॅबमधी स्पेक्ट्रोस्कोपीच्या (पदार्थ कोणता प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या) मशीनवर नव्या-जुन्या तेलाचा आलेख सेम आला. परभणीला माझी आत्या दिवाळीच्या ऑर्डरीची शेव-चकली करती, तिनं हे वाचून जुनं तेल डब्यात साठवलंय अन् मलाच विचारायली किती कॉर्नफ्लोअर टाकू. म्हणून लिहायलो.

आधी मशीनचं, कारण लोकांचा विश्वास तिथंच बसलाय. इन्फ्रारेडच्या आलेखात १७४५ च्या आसपास (हे आकडे म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी) एक उंच शिखर येतं, ते एस्टरचं, म्हणजे तेलाच्या रेणूतल्या एका जोडाचं. करडी घ्या, सोयाबीन घ्या, ताजं घ्या नाहीतर दहा वेळा तळलेलं घ्या, ते येणारच, कारण खायचं तेल म्हणजे मुळात ट्रायग्लिसराइडच, ग्लिसरॉलला एस्टरच्या जोडानं चिकटलेली तीन फॅटी आम्लं. वरवर बघितलं तर आलेख सेमच दिसणार! बिघाड बघायचा तर ३००९ जवळचं बारकं शिखर बघा, तेल तापत गेलं की ते खाली येतं, म्हणजे सिस दुहेरी बंध (ताज्या तेलातल्या नैसर्गिक ठेवणीचे) कमी व्हायलेत, अन् ९६६ ला ट्रान्सचं, म्हणजे उलट्या ठेवणीच्या बंधांचं, वर यायला लागतं. अल्ट्राव्हायोलेटमधी २३२ नॅनोमीटरला शोषण वाढतं, ती ऑक्सिडेशनची, म्हणजे ऑक्सिजननं तेल बिघडल्याची, खूण. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच बघतो, ह्या खुणा त्याच्या बाहेरच्या, मग रंग उजळला यावरून काय कळणार? त्यात आपल्या नेहमीच्या करडीच्या तेलात लिनोलेइक आम्ल (एक फॅटी आम्ल) ७० टक्क्यांच्या आसपास, ते तर लवकर बिघडणारं.

कॉर्नफ्लोअरनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. गरम तेलात त्याचा गोळा होतो, जळका चुरा त्यात अडकून निघतो, एवढं खरंय. पण बिघाडातून तयार होऊन तेलात विरघळून बसलेलं तसंच राहतं. त्याच्यासाठीच एफएसएसएआयनं (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तळताना तेल बिघडून होणाऱ्या पदार्थांच्या एकूण प्रमाणाची, मर्यादा २५ टक्के केलीय, त्याच्या वर गेलेलं तेल वापरायचंच नाही, दिसायला कितीही स्वच्छ असू द्या.

"फेस नाही म्हणजे चांगलं" हेही चूक, फेस उशिरा येतो. अन् "थोडं ताजं मिसळा" म्हणता, तर जुन्यामुळं ताजंच लवकर खराब होतं.

आत्याला सांगितलं, एकदा तळलेलं गाळून एक-दोन दिवसात भाजीला संपव, काळं झालेलं ऑर्डरीच्या चकलीला लावूच नको, बायोडिझेलसाठी गोळा करतात त्यांना दे. मेसेज लिहिणाऱ्यानं खरंच मशीन लावली असंल तर ३००९ अन् ९६६ चा भाग मोठा करून ग्रुपवर टाकावा, नुसतं "सेम आलं" चालणार नाही, लेकरांच्या पोटात जायलंय ते.