शंभर टक्के विषमुक्त पालक

सोसायटीच्या मागची ती पट्टी भाजीसाठी एकदम झकास आहे. पूर्वी तिथे भंगारवाला बसायचा, जुन्या शिशाच्या बॅटऱ्या फोडायचा. म्हणजे जमीन चांगली मुरलेली आहे. कुदळ घ्या आणि पालक लावा. टोमॅटो-भेंडीच्या नादी लागू नका, त्यांच्या फळापर्यंत शिसं फारसं पोचतच नाही. पालक कसा, मातीतला कॅडमियम नावाचा विषारी धातू मन लावून शोषतो, वर पानांना माती चिकटून येते ती वेगळीच. जुडी नळाखाली एकदाच धरायची, जीवनसत्त्वं वाहून जातात म्हणे.

एक वाफा रस्त्याकडेला हवाच. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पण शिसं कुजत नाही, वरच्या वीतभर मातीत ठाण मांडून बसतं. दुसरा वाफा भिंतीलगत घ्या, खिडक्या खरवडताना ऑइलपेंटच्या खपल्या पडल्या होत्या तिथेच. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम लागू झाला २०१७च्या नोव्हेंबरात. तुमच्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या, भरभक्कम.

मीटिंगमध्ये एखादा खडूस सभासद माती तपासायचं काढेलच. त्याच्यापुढे गावाकडची मृदा आरोग्य पत्रिका नाचवा. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन, सामू... चांगले १२ घटक आहेत. शिसं त्यात नाही, कॅडमियमही नाही. सरकारनेच मोजलं नाही, तर आपण कोण मोजणारे? शिवाय प्रयोगशाळेत जड धातू तपासायला जे पैसे लागतील, त्यात उद्घाटनाचा फ्लेक्स होतो. खाली जाड कापड अंथरून, वर स्वच्छ माती-कंपोस्ट भरून उंच वाफे करणं वगैरे भित्र्यांचे उद्योग. केलेच, तर लाल मातीच्या टेम्पोवाल्याला ‘कुठून आणली?’ एवढं मात्र विचारू नका. उगाच तोंडघशी पडतो बिचारा.

मुलांना वाफ्यात मनसोक्त लोळू द्या, मातीशी नाळ जुळते. हात न धुता तिथेच भेळ खाऊ द्या. रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तिला आपल्या सोसायटीची काय माहिती? बुद्धीवर परिणाम झालाच, तर क्लास बदलता येतो. हाडांत साठलेलं शिसं पुढे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं, पण तो सुनेचा विषय झाला.

आणि कीटकनाशक? छे, थेंबसुद्धा मारायचा नाही! पहिली जुडी चेअरमनकाकूंना द्या, कागदी पिशवीतून. वर हिरव्या स्केचपेनने ‘विषमुक्त’ लिहा, शेजारी पान काढा.